ती उसण नव्हती

माझ्या आईने माझ्या पाठीत लाथ मारली तेव्हा माझ्या तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही. ओरडायला श्वास लागतो आणि तो माझ्याजवळ नव्हता. मी जंगलातल्या आमच्या संरक्षण कुटीच्या लाकडी खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी होते. उजव्या बरगड्यांत कोणीतरी विळा खुपसून ठेवला आहे आणि मी श्वास घेतला की तो फिरवतो आहे, असे होत होते. आईने दुसऱ्यांदा लाथ मारली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या लाथेला खांब सुटला आणि मी तोंडावर आपटले. ओठ फुटला.

"निघाली उसण," आमच्या कुटीवरचे जुने वनमजूर दशरथभाऊ म्हणाले. "पडली म्हंजे निघाली."

मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आई आत्ता माझ्यासमोर तांदूळ निवडत बसली आहे आणि मधून मधून विचारते आहे, "लाथेचं लिहिलं का? मायं नाव घालून लिही. लोकायले समजलं पायजे." मायं म्हणजे माझं. तिच्याच सांगण्यावरून लिहिते आहे. जंगलात, शेतावर, वीटभट्टीवर राहून काम करणाऱ्या एकाने जरी हे वाचून वेळेवर दवाखाना गाठला, तरी माझ्या छातीवरच्या व्रणाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आईचा पाय

मी वनरक्षक आहे. हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाला लागून आमचे गाव आहे. बाबा गवंडीकाम करतात, आई मजुरीला जाते. दोघांनी विटा वाहून मला सेलूच्या कॉलेजात बी. ए. केले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. खाकी वर्दी घालून पहिल्यांदा घरी आले, तेव्हा बाबांनी घरासमोर उभे राहून गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून मला दाखवले होते.

आई पायाळू आहे. जन्मताना तिचे डोके नाही, पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीत लाथ मारली की भरलेली उसण निघते, असे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मानतात. कंबर धरली, पाठीत चमक भरली, बरगडीत कळ आली की माणसे वाकत वाकत आमच्या दारात येत. आई लुगड्याचा काठ सावरायची, भिंतीला हात टेकवून उभे राहायला सांगायची आणि तीन लाथा मारायची. हलक्या नव्हे, चांगल्या सणसणीत.

आमचे घर बौद्ध वस्तीत. गावातली जी मोठी घरे आमच्याकडे पाण्याचा घोट घेत नाहीत, त्या घरांतली माणसेही उसण भरली की आईच्या पायापुढे पाठ वाकवून उभी राहत. किराणा दुकानवाले मोहनशेठ त्यांतलेच. सुटे पैसे आईच्या हाताला हात लागू नये म्हणून वरून सोडणारे. दुकानात ते तिला "ए सुमन" म्हणत. उसण भरली की "सुमनबाई" म्हणत.

बाबांना हे सगळे पटत नसे, पण गंमतही वाटे. ते म्हणायचे, "घटनेनं सगळ्यायले समान हक्क देला. लाथेचा हक्क तेवढा तुले एकटीले भेटला."

आई हसायची नाही. ती खरेच मानायची. आयुष्यभर वाकलेल्या बाईपुढे गाव वाकत होते. मी शिकलेली होते, तरी कधी बोलले नाही. लोक बरे होऊन जातानाही मी पाहिले होते. उसण बहुधा आपोआपच निघते, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

धूर

उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा काढतात. गवताचा एक पट्टा आपणच जाळून टाकायचा, म्हणजे पुढे वणवा आला तर तिथे अडतो. आग भलतीकडे सरकली की ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवायची. थंडीचे दिवस, अंगावर दव, पुढे जाळ. दिवसभर धूर नाकातोंडात जायचा. कुटीवर सगळेच खोकायचे.

मीही खोकत होते. माझा खोकला वेगळा आहे, हे कळायला काही मार्गच नव्हता. धुराचा खोकला समजून मी गूळ खाल्ला आणि गरम पाणी प्यायले. मग एका दुपारी उन्हात उभी असताना दात वाजायला लागले. एवढी थंडी की हातातली डहाळी थरथरत होती. अंग तापले. कुटीवरच्या पेटीतली तापाची गोळी घेतली, घाम आला, बरे वाटले. गोळी उतरली की पुन्हा ताप.

त्यातच आग झोडपताना पाय घसरला आणि कमरेत हिसका बसला. त्याच रात्रीपासून उजव्या बरगडीत कळ सुरू झाली. मग काय, सगळ्यांना कारण सापडले. खोकला धुराचा, ताप थकव्याचा, कळ हिसक्याची. तीन दुखण्यांना तीन कारणे. तिन्ही मिळून एकच आजार असेल, असे कोणाच्याच मनात आले नाही.

दशरथभाऊ म्हणाले, "अवो मॅडम, उसण भरली तुमाले. अन् दवा तर घरचीच हाय. लोक कुठून कुठून येतात काकूकडे. तुमी काऊन सहन करून राह्यल्या?"

मला ते पटले. त्यांनी बाबांना निरोप पाठवला. बाबा आईला मोटारसायकलवर बसवून जंगलाच्या रस्त्याने घेऊन आले. आईने मला पाहिले, पदर खोचला आणि म्हणाली, "खांब धर."

वाट पाहणे

लाथ मारल्यावर उसण उतरायला वेळ लागतो, असे आई सगळ्यांना सांगत असे. मलाही तेच सांगितले. बाबा कामावर परतले, आई माझ्याजवळ थांबली. मी कुटीत बाजेवर पडून उसण उतरायची वाट पाहत राहिले.

उतरली नाही. मला डाव्या कुशीवर वळता येईना. पाठीवर पडता येईना. खोकला आला की मी बाजेची दोरी चावायचे. थुंकीत विटकरी रंग दिसला. आई म्हणाली, "ओठ फुटला ना तुया, त्याचं रगत हाय." तेही पटण्यासारखे होते. माझ्या नाकपुड्या घोड्यासारख्या फुगत होत्या, असे दशरथभाऊंनी नंतर सांगितले. एक वाक्य पुरे बोलायला मला दोनदा थांबावे लागत होते. आईला वाटले, दुखते म्हणून पोरगी अडखळते.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी कुटीत अस्वल शिरले.

अस्वल नव्हते. दशरथभाऊ माझ्यासाठी कण्या घेऊन आत आले होते. पण मला काळे, केसाळ, उभे राहिलेले अस्वल दिसले आणि मी भिंतीला टेकवलेली गस्तीची काठी उचलून त्याच्यावर घातली. पहिला वार त्यांच्या कोपरावर बसला. भांडे उडाले, कण्या भिंतीवर. दुसरा वार आईने मधे हात घालून अडवला, तर मी तिच्या मनगटाला चावले. दात काढेचना. दशरथभाऊंनी मागून मला कवेत धरले आणि मी त्यांच्या नडगीवर टाचा मारत राहिले. आजारी माणसात एवढे बळ कुठून येते, मला माहीत नाही. एवढे मात्र आठवते की मी जिवाच्या आकांताने लढत होते आणि समोर माझी आई होती.

"बाई, हे उसण नोहे!" दशरथभाऊ ओरडले. "डोस्क्यात गेलं पोरीच्या! जीप बोलावतो."

त्यांनी वायरलेसवर रेंज ऑफिसला कळवले. जीप आली. मी आवरेना म्हणून त्यांनी स्वतःच्या दुपट्ट्याने माझे हात बांधले. त्या वेळचे एकच वाक्य माझ्या कानात राहिले आहे. आईचे. "बांधा भाऊ, पण गाठ ढिली मारा. पोरगी हाय मायी."

जंगलाच्या रस्त्यावर जीप आदळत होती आणि प्रत्येक खड्ड्याला बरगडीतला विळा आत जात होता. मी आईला शिव्या दिल्या. तिने मला पडू दिले नाही. उशीला टेकवावे तसे छातीशी धरून बसते ठेवले. आडवे केले असते तर मी रस्त्यातच गेले असते, असे पुढे एका डॉक्टरांनी सांगितले. आईला हे ठाऊक नव्हते. तिला फक्त दिसले की आडवे केले की मी निळी पडते.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी माझ्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला आणि नाव विचारायच्या आधी ऑक्सिजन लावला. एक इंजेक्शन देऊन लगेच वर्ध्याला पाठवले.

नळी

वर्ध्याच्या मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रे काढला. डॉक्टर मॅडमनी तो उजेडासमोर धरला. डावी बाजू काळी, उजवी खालून अर्धी पांढरी. त्या म्हणाल्या, "न्यूमोनिया आहे. आणि फुप्फुसाच्या बाहेर पू साचलाय. नळी घालून काढावा लागेल. आत्ता."

ज्यांना ही नळी घालायची आहे, त्यांच्यापासून मी काही लपवणार नाही. जागा बधिर करतात, तरीही रेटा कळतो. हात डोक्यावर घ्यायला लावला. दोघी सिस्टर आणि एक वॉर्डबॉय मला धरून होते. बरगड्यांमधून काहीतरी फाडत आत शिरले आणि आतून कोणीतरी दार ढकलून उघडावे तसा धक्का बसला. गरम, घाण वासाचे काहीतरी सुटले. सिस्टरच्या एप्रनवर उडाले. मी डॉक्टर मॅडमना अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. शिक्षण, पदवी, वर्दी, सगळे त्या टेबलावर गळून पडले आणि आमच्या गल्लीतले भांडण तोंडातून बाहेर आले.

मॅडम हात न थांबवता म्हणाल्या, "द्या, अजून द्या. शिव्या द्यायला श्वास लागतो. येतोय म्हणजे."

आणि खरेच येत होता. किती दिवसांनी श्वास तळापर्यंत गेला. मी शिव्या देता देता रडू लागले.

वीट

माझी भीती त्या टेबलावर संपली. आईची तिथून सुरू झाली.

वॉर्डात कोणीतरी नातेवाईक दुसऱ्याला सांगत होता, "ते पोट्टी नाई का, तिच्या मायनंच लाथा मारल्या म्हणते. फुटलं आतून." आईने ऐकले. ती उठून बाहेर गेली. आवारात बांधकाम सुरू होते. तिथली एक वीट उचलून तिने स्वतःच्या उजव्या पायावर घातली. पुन्हा घातली. हॉस्पिटलचा चौकीदार धावून येईपर्यंत अंगठ्याचे नख उखडले होते आणि ती म्हणत होती, "हाच तो पाय, हाच तो पाय."

बाबा कामावरून धावत आले तर एक पलंगावर आणि एक ड्रेसिंगच्या खोलीत. त्यांचा तोल गेला. त्यांनी वॉर्डात सगळ्यांसमोर आईवर हात उगारला. खाली आणला नाही, पण उगारला. "आपल्या आज्यानं दीक्षा घेतली ते लाथा मारायले का? पोरीले बी. ए. केलं अन् तू तिले खांबाले उभी करतं?" आई म्हणाली, "मारा. मारून टाका मले." सिस्टरने दोघांना बाहेर काढले. मी नळी लावून पडलेली, उठता येत नव्हते. त्या दिवशी मला वाटले, मी वाचेन पण माझे घर वाचणार नाही.

दुसऱ्या सकाळी राउंडला आलेल्या मॅडमना आईने लंगडत जाऊन अडवले. "मॅडम, खरं सांगजा. माया लाथेनं झालं ना?"

मॅडम तिथेच थांबल्या. म्हणाल्या, "लाथेने पू होत नाही, आई. तुमच्या मुलीची बरगडीही मोडलेली नाही. जंतू आधीच छातीत होते. पण लाथ मारून तुम्ही वाट पाहत बसलात ना, त्या वेळात पू साचला. एवढंच, आणि एवढं पुरेसं असतं."

"म्हंजे वाट पाह्यली ते चुकलं."

"ताप असताना वाट पाहिली, ते चुकलं."

आईने ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. ताप असताना. ताप असताना.

बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. व्हरांड्याच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला ती. मला श्वासाच्या व्यायामाला दिलेल्या खेळण्यातल्या निळ्या गोळ्या श्वास ओढून वर उचलायच्या असत, त्या उचलताना मी दोघांना खिडकीतून बघायचे. मग एका दुपारी आईच्या पायाची पट्टी सुटली. बाबा उठले, तिच्यासमोर फरशीवर बसले आणि तिचा तोच पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधू लागले. सिमेंटने फाटलेली बोटे त्यांची, त्यांना गाठ जमेना. आई म्हणाली, "ढिली मारा. प्लास्टर करून राह्यले का?" बाबा हसले. मी श्वास ओढला आणि तिन्ही गोळ्या वर गेल्या.

दशरथभाऊ कोपर सुजलेल्या हाताने संत्री घेऊन भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, आता ठीक हाय ना? का अजून अस्वल दिसते?"

एवढे लक्षात असू द्या

उसण हलले की दुखते. छातीचा आजार श्वास घेतला की, खोकलले की टोचतो. पण दोन्ही एकसारखेही वाटू शकतात, म्हणून दुखण्यावर जाऊ नका, बाकीच्याकडे बघा. थंडी वाजून ताप आहे का? बसल्या जागी श्वास भरभर चालतो का? वाक्य पुरे करताना थांबावे लागते का? थुंकीचा रंग विटकरी आहे का? आणि माणूस भलतेच बोलू लागला, ओठ निळे पडले, तर मग तपासत बसू नका, गाडी बोलवा. नेताना बसते ठेवा. उरल्यासुरल्या गोळ्या मनाने देऊ नका. दवाखान्यातून दिलेली औषधे बरे वाटले तरी मधेच सोडू नका, मलाही सोडावीशी वाटली होती. आमच्या कुटीच्या पेटीत आता थर्मामीटर आणि ऑक्सिजन मोजायचा बोटाचा चिमटा आहे. मागितल्याबरोबर रेंज ऑफिसच्या साहेबांनी दोन्ही दिले, त्यांचे उपकार आहेत. ज्यांनी ज्यांनी मला ओढून काढले त्या सगळ्यांचे आहेत.

मोहनशेठ

मी घरी येऊन बरी होत होते. आईच्या अंगठ्याला नवे नख अजून आले नव्हते. तिने लाथ मारणे बंद केले आहे, हे गावाला कळले होते, तरी एका सकाळी मोहनशेठ आमच्या दारात उभे राहिले. कूस दाबून धरलेली, चेहरा राखेसारखा.

"सुमनबाई, मार वो. तीन मार. रात्रीपासून सुचू नाई राह्यलं."

आणि सवयीने त्यांनी भिंतीला हात टेकवून पाठ वाकवली.

आई त्यांच्यामागे उभी राहिली. मी बाजेवरून बघत होते. तिचा पाय जमिनीवरच राहिला. मग तिने पुढे होऊन आपला तळहात त्यांच्या कपाळावर ठेवला.

आजवर या माणसाला तिचा पाय लागला होता. हात कधीच लागला नव्हता.

ते दचकून वळले. "हात काऊन लावतं?"

"चूप. लंबा श्वास घ्या."

त्यांनी घेतला. अर्ध्यातच खोकला आला आणि ते कळवळून खाली बसले.

"पोट्टे, गाडी काढ," आई मला म्हणाली.

"अवो, लाथ तर मार आधी! मग जातो दवाखान्यात."

"आधी जगून या, शेठ. मग मन भरून मारतो."

मी मोटारसायकल काढली. मधे मोहनशेठ, मागे आई. त्यांना धड बसता येत नव्हते. आईने मागून दोन्ही हात घालून त्यांना छातीशी धरले, जीपमध्ये मला धरले होते तसेच. दुकानावरून गेलो तेव्हा ओट्यावरची माणसे उठून उभी राहिली. मोहनशेठनी मान खाली घातली, पण तिचे हात काढले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचे डोके मागे तिच्या खांद्यावर पडले.

रस्ता खराब होता. मी घाईत गिअर बदलला तशी आई मागून ओरडली, "हळू चालव वो पोरी. शेठच्या बरगड्या माया हातात हायेत."